येऊरची चढण आणि खाणीची मेडिकल

विदर्भातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत निवड झाली, ठाण्यात वर्तकनगरात पेढे वाटून झाले आणि मी मेडिकलला अडकलो. रक्तदाब १५०/९६. श्वासाच्या चाचणीतही फुंकर अर्धवट. डॉक्टरांनी नापास केलं नाही, सहा आठवड्यांनी परत बोलावलं. दोन वर्षं जिम करत होतो, त्यामुळे फार लागलं.

चंद्रपूरचे मामा कोळसा खाणीतूनच निवृत्त झालेत. फोनवर म्हणाले, "उतरताना सगळेच पैलवान असतात रे. पाळी सुटल्यावर चढून ये, मग सांग." तेव्हा कळलं, दंड कमावले होते, दम नव्हता.

डॉक्टरांना विचारूनच सुरुवात केली. पहाटे उपवन तलावापासून येऊरच्या फाटकापर्यंत भरभर चढायचं, पहिला आठवडा मोकळ्या हातांनी, मग पाठीवर पाच किलोची सॅक. संध्याकाळी आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीचे जिने, न थांबता अर्धा तास. पापड-लोणचं आईने बंद केलं आणि रात्रीचं जागरण मी.

मे महिना होता. अंगावरचा घाम सुकेना, जीव नकोसा व्हायचा. पण खाणीतही हीच गत. हवा दमट असली की घाम नुसता निथळतो, शरीर गार होत नाही. म्हणून तिथे वेट बल्ब तापमान, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरवरचं तापमान मोजतात. ते ३३.५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि ३०.५ च्या वर गेलं तर कामाच्या जागी हवा सेकंदाला किमान एक मीटर वेगाने वाहती ठेवायची, असा नियम आहे. शरीराला अशा उकाड्याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि मध्ये खंड पडला की ती जाते. सुट्टीवरून आलेल्याला पहिल्याच दिवशी जड काम देऊ नये ते याचसाठी.

फुंकरीचं मात्र तंत्रच चुकलं होतं. नाकाला चिमटा, छाती भरून श्वास, मग एकदम जोरात सोडायचा आणि निदान सहा सेकंद सोडत राहायचं. मी तिसऱ्या सेकंदाला थांबलो होतो.

दुसऱ्या खेपेला १२६/८०. कान, डोळे, छातीचा एक्स-रे, सगळं नीट. खाण नियम, १९५५ प्रमाणे रुजू होताना ही तपासणी होते आणि पुढे दर पाच वर्षांच्या आत पुन्हा. तो पहिला एक्स-रे जपून ठेवा. कोळशाच्या धुळीने फुफ्फुसावर डाग पडायला लागले तर ते त्याच्याशी ताडून बघतात, आणि एकदा बसलेला डाग कितीही पळालात तरी जात नाही. धुळीवर पाणी मारणं आणि मास्क, याला व्यायाम हा पर्याय नाही. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

पहिल्या पाळीनंतर इन्क्लाइन, म्हणजे खाणीतून वर येणारा उतरता बोगदा, चढताना दोनदा थांबलो. कमरेला सेल्फ-रेस्क्यूअर (विषारी वायूत श्वास घेता यावा म्हणून असलेलं उपकरण), टोपीला दिवा, बूट चिखलाने जड. वर आल्यावर मामांना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "किती वेळा बसलास?"

"बसलो नाही मामा. दोनदा उभा राहिलो."