खोलता येणारं टेबल

कामठीला मित्राच्या काकांकडे जेवायला गेलो होतो. जेवणं उरकली, सुपारी फिरली, सगळे गप्पांना बसले आणि मी त्यांच्या टेबलाखाली शिरलो. काकू म्हणाल्या, "काही पडलं का जी?"

पडलं काहीच नव्हतं. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना पितळ होतं आणि ते लाकडात असं बसवलेलं, की डोळे मिटून बोट फिरवलं तर फक्त गारवा बदलतो, उंचवटा लागत नाही. ते खालून कसं धरलंय हे पाहायला वाकलो, तर भलतंच दिसलं. प्रत्येक पायाच्या वरच्या टोकाला पटाशीने मारलेल्या रेघा. एकावर एक, दुसऱ्यावर दोन, असं चारपर्यंत. आणि पाय जिथे घुसतात त्या ठोकळ्यांवरही तेवढ्याच रेघा. काकांनी हसत एक पाय धरून फिरवला, तर तो बरणीच्या झाकणासारखा निघून हातात आला. पायाच्या डोक्यावर लाकडातच कोरलेले जाड आटे होते.

नागपुरात इंग्रज आणि भोसल्यांची सीताबर्डीची लढाई झाली ती 1817 ची. त्यानंतर 1821 मध्ये इंग्रजांनी कामठीला छावणी वसवली. त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांचं सामान सतत हलायचं, म्हणून त्यांच्यासाठी खास फर्निचर बनायचं. त्याला 'कॅम्पेन फर्निचर' म्हणतात. पाय फिरवून काढायचे, पेट्या दोन भागांत सोडवायच्या आणि बैलगाडीवर लादून पुढच्या मुक्कामी न्यायचं. काकांचं टेबल खरंच छावणीतलं की नंतर कुणी नकलून केलेलं, या वादात मी पडलो नाही. मला ते हवं होतं. ते मिळणार नव्हतं, म्हणून तसं बनवायचं ठरवलं.

घरी आल्यावर जमिनीवर वर्तमानपत्रं चिकटवून चार फूट बाय दोन फुटांचा आयत केला आणि चार दिवस त्याच्याभोवती फिरून पाहिलं. बायको दोन दिवस मुकाट्याने वळसा घालून गेली, तिसऱ्या दिवशी सरळ त्यावरून चालायला लागली. उंची एकोणतीस इंच. कागदावर रेखाटन केलं: खरादलेले गोल पाय, खाली निमुळते, वर एक कडं. कोपऱ्यांना पितळ. पाय मात्र मी चौकटीत कायमचे ठोकणार होतो, म्हणजे भानगड नको.

लकडगंजात एका आरा मशीनच्या मागे एक मिस्त्री काम करतात, त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा केला आणि म्हणाले, "पाय खोलून न्यायचे नसन, तर हे पितळ कायले ठोकून राह्यले जी तुमी?"

मी म्हटलं, "चांगलं दिसतं."

"दिसते तं. पण ते कोपरा तुटू नये म्हणून असते. गाडीत आदळते ना. तुमचं टेबल कुठं आदळून राह्यलं?"

मी बँकेत आहे. गोंदिया, चंद्रपूर, मग नागपूर, आणि नागपुरातच दोन घरं. प्रत्येक वेळी एक तरी कोपरा फुटलाय. जिन्याच्या वळणावर अडकलेला दिवाण मी स्वतः करवतीने कापलाय. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन्सिल काढून माझ्या रेखाटनातले पाय चौकटीपासून वेगळे करून टाकले.

लाकूड सागवानच घ्यायचं होतं. आपल्याकडच्या सागाला बाजारात अजून 'सी. पी. टीक' म्हणतात. सी. पी. म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, 1861 साली झालेला प्रांत, राजधानी नागपूर. प्रांत गेला, राजधानी गेली, लाकडाच्या बिलावर नाव राहिलं. हिशेबाने दीड घनफूट पुरत होतं. मिस्त्री म्हणाले दोन घ्या, एक इंचाची फळी रंधा मारल्यावर पाऊण इंचावर येते आणि गाठी सोडून द्याव्या लागतात. साडेचार हजार रुपये घनफुटाने नऊ हजार झाले. सप्टेंबर होता. दुकानातल्या मीटरवर ओल सतरा टक्के दाखवत होती. फळ्यांची थप्पी घरी आणली, दोन फळ्यांमध्ये पट्ट्या सारून दिवाणखान्यात रचली आणि जानेवारीपर्यंत हात लावला नाही. पाहुणे विचारायचे, फर्निचर सुरू आहे का. हो म्हणायचो.

फेब्रुवारीपासून दर रविवारी मिस्त्रींकडे. सागाला रंधा मारणं वरून सोपं दिसतं. पण सागात वाळूचा अंश असतो, पातं पटकन बोथट होतं. तासभर काम की दहा मिनिटं धार. तीन फळ्या जोडून वरचा पाट केला. साग तेलकट, म्हणून जोडायच्या कडा आधी थिनरने पुसल्या, मग फेव्हिकॉल लावून शिकंजे आवळले. पाय खराद्याकडून करून आणले.

खरी अडचण आट्यांची. काकांच्या टेबलासारखे लाकडात आटे पाडायचं हत्यार मिस्त्रींकडे नव्हतं. शेवटी बारा मिलिमीटरचे बोल्ट आणले, एका बाजूला लाकडात रुतणारे आटे, दुसऱ्या बाजूला नटात बसणारे. चौकटीच्या कोपऱ्यांतल्या ठोकळ्यांवर लेथवाल्याकडून आटे पाडून आणलेल्या लोखंडी पट्ट्या बसवल्या. पाय फिरवून आवळले आणि टेबल तट्टूसारखं डुलायला लागलं.

मला वाटलं बोल्ट बारीक पडला. मिस्त्रींनी पाय काढून त्याचा वरचा सपाट भाग दाखवला. तो मधे किंचित फुगीर होता, त्यामुळे पाय मधल्या टेंगळावर उभा होता आणि कडा अधांतरी होत्या. त्यांनी पटाशीने मधलं लाकूड दशीएवढं कोरलं, पार किनाऱ्यापर्यंत न जाता. आता फक्त बाहेरची कडा ठोकळ्याला भिडत होती. पाय आवळला आणि टेबल खडकासारखं उभं राहिलं. बोल्टचं काम फक्त ओढून धरायचं. टेबलाचा तोल ती कडा सांभाळते. मग चारही पाय आपापल्या जागी बसवून, लाद्यांवर ठेवून, खालून थोडे थोडे घासून पातळीत आणले. मी घाईने पुढच्या कामाला लागलो. मिस्त्रींनी न विचारता पटाशी घेतली आणि पायांवर, ठोकळ्यांवर रेघा मारल्या. एक, दोन, तीन, चार.

पितळ बसवायला दोन रविवार गेले. पत्रा दीड मिलिमीटरचा. कोपऱ्यावर ठेवायचा, धारदार सुरीने भोवती रेघ मारायची आणि तेवढंच लाकूड उतरवायचं. पहिला कोपरा मी खोल उतरवला, खाली कागद भरावा लागला. आजही तिथे बोट फिरवलं की मला कळतं. पितळी स्क्रू तर सरळ बसवायला जाल तर मान मोडते, सागात तर नक्कीच. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून आटे पाडायचे, तो काढायचा, मग पितळी स्क्रूला मेण लावून हलक्या हाताने फिरवायचा. हे मला दोन स्क्रू मोडल्यावर सांगण्यात आलं.

वर चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. चपडा रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवायचा आणि कापसाच्या बोळ्याने पातळ पातळ हात मारायचे. पंधरा-सोळा हात झाले. गरम कपाचा पांढरा डाग पडतो हे माहीत होतं. पहिला डाग माझ्याच चहाचा.

आणि मग मे महिना आला. एका दुपारी बँकेतून आलो तर पाटाच्या टोकाला बोटभर लांब चीर. चूक माझीच. मिस्त्री गावी गेले होते त्या रविवारी मी पाट चौकटीला खालून आठ स्क्रूंनी जाम करून टाकला होता. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, पण रुंदीत हलतं, आणि नागपूरच्या ओल्या जुलैपासून कोरड्या मेपर्यंत दोन फुटी पाट चार-पाच मिलिमीटर सहज आकसतो. त्यात समोर कूलर. एका टोकाला ओली हवा, दुसरं टोक भट्टीत. स्क्रूंनी पाट हलू दिला नाही, म्हणून तो फाटला.

मिस्त्री चिडले नाहीत, हेच जास्त लागलं. स्क्रू काढले. चौकटीला आतून खाच पाडली आणि इंग्रजी एल आकाराचे लाकडी गुटके केले. एक टोक पाटाला स्क्रूने पक्कं, दुसरं खाचेत नुसतं अडकवलेलं, सरकायला मोकळं. चिरीत सागाचीच पातळ चीप गोंद लावून ठोकली. पितळाचे कोपरे दोनच इंचाचे होते म्हणून त्यांनी पाटाला फार अडवलं नाही, नाहीतर तिथेही तेच झालं असतं. कूलरची जागा बदलली.

डिसेंबरात घर बदललं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की कपाट दोरीने गच्चीवरून घ्यावं लागलं. टेबलाचे पाय चार मिनिटांत निघाले. पाट मी आणि मुलाने उभा धरून वर नेला, पाय बायकोने चादरीत गुंडाळून आणले. रात्री अकरा वाजता जोडलं, तर डुलायला लागलं. थकलो होतो, कागदाची घडी करून एका पायाखाली सारली आणि झोपलो.

सकाळी टॉर्च घेऊन खाली शिरलो. मुलगा म्हणाला, "बाबा, काही पडलं का?" दोन रेघांचा पाय तीन रेघांच्या ठोकळ्यात होता, आणि तीनचा दोनमध्ये. दोन्ही फिरवून काढले, जागा बदलल्या आणि ती घडी खिशात टाकली.