लाईट गेली आणि रातवा बोलला

रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी लाईट गेली आणि रेवा जागी झाली. शेजारच्या ग्रुपचा स्पीकर तीन तास धडधडत होता तेव्हा ती रडून रडून झोपली होती. तो बंद पडला तेव्हा उठून बसली. तंबूत मिट्ट काळोख. ती रडली नाही. हात पुढे करून चाचपडत माझ्या नाकाला, मग कानाला लागली आणि म्हणाली, "आई, लाईट कुठे?"

अडीच वर्षांच्या माझ्या मुलीने त्याआधी कधी खरा काळोख पाहिलाच नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. आमच्या घरी रात्री हॉलमधला झिरोचा दिवा असतो, खिडकीतून सोसायटीचा हॅलोजन येतो, राउटरचे हिरवे ठिपके असतात. डोळे उघडले काय नि मिटले काय, काही फरक पडत नाही असा अंधार तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता. आणि तो यावा म्हणून आम्ही पैसे भरून एवढ्या लांब आलो होतो. तीन तास मात्र तो मिळाला नव्हता.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. रायगड जिल्ह्यातल्या फणसाड अभयारण्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, काशीदपासून थोडं आत, एका वाडीत तंबू लावून देतात, तिथे आम्ही दोन रात्री राहिलो. आम्ही म्हणजे मी, नितीन, रेवा आणि माझे सासरे. जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर. काजूची झाडं, दोन-तीन आंबे मोहोरलेले, मागे रान सुरू. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडव्याला उतरलो. त्या तासाभरात रेवाने बोटीमागे येणाऱ्या कुरवांना किती हाका मारल्या याला गणती नाही. लोक त्यांना शेव, गाठिया भिरकावतात, पक्षी हवेतच झेलतात, आणि आजूबाजूचे सगळे मोबाईल काढतात. मला ते बघवत नाही. समुद्रावरच्या पाखरांनी मासे खावेत. पण रेवाच्या हातातला चुरमुरा मी काढून घेतला तेव्हा तिने जो आकांत मांडला, त्याने अर्धी बोट आमच्याकडे वळून बघू लागली. तरी घेतला तो घेतलाच.

या सहलीचं मूळ सासऱ्यांमध्ये आहे. बाबांचं गाव रोहा तालुक्यातलं. सतराव्या वर्षी मुंबईला गिरणीत आले, 1982 चा संप झाला, नंतर जे मिळेल ते काम केलं, आणि गाव सुटलं ते सुटलंच. आता घरी बसून असतात. फणसाडबद्दल बोलताना मात्र सरसावून बसतात. पूर्वी हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं, त्यात लाकूड तोडायची कुणाची हिंमत नसे, असं ते त्यांच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलं सांगतात. 1986 साली अभयारण्य जाहीर झालं, साधारण 70 चौरस किलोमीटरचं. त्यांना आकडे आठवत नाहीत, पण पाणवठ्यांना इथे 'गाण' म्हणतात हे ते पुन्हा पुन्हा सांगतात, जणू हा शब्द आम्ही विसरलो तर रान कमी होईल. नात चालायला लागली की तिला तिथे न्यायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं. मला वाटलं होतं पोर चार-पाच वर्षांची होऊ दे. पण बाबा आता 74 चे आहेत. हे कुणी बोलून दाखवलं नाही, सगळ्यांनी हिशेब मात्र केला.

पहिली संध्याकाळ फार छान गेली. वाडीवाल्याने पोपटी लावली होती. रायगडात राहिलेल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी पाल्यात गुंडाळून, पुन्हा शेंगा, वर पालाच दाबून तोंड बंद. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पालापाचोळा नि काटक्या पेटवायच्या. मडकं उतरवल्यावर आधी वास येतो तो भांबुर्ड्याचा, उग्र, थोडा कडसर, मग शेंगांचा. बाबांनी पहिली शेंग सोलून दाणा रेवाच्या तोंडात घातला, तिने तो चावला, थांबली, आणि हात पुढे केला. घरी दोन घास भरवायला मला तिच्यामागे बाल्कनीपर्यंत फिरावं लागतं. इथे ती आजोबांच्या मांडीवर बसून पंधरा-वीस शेंगांचे दाणे खाऊन मोकळी झाली. मी मऊ भाताचा डबा, थर्मासमध्ये गरम पाणी, तुपाची बाटली असं सगळं आणलं होतं, त्यातलं काहीही उघडलं नाही.

आणि मग साडेआठला स्पीकर सुरू झाला.

आठ तंबूंचा ग्रुप होता, पंचवीस-तीस मुलं-मुली. वाईट नव्हती कुणी. पण स्पीकर कमरेएवढा उंच, आणि सोबतीला चारी कोपऱ्यांत हॅलोजन, इतके लख्ख की काजूच्या पानांच्या शिरा मोजाव्यात. नितीन दोनदा जाऊन विनंती करून आला. दर वेळी आवाज थोडा कमी व्हायचा आणि दोन गाण्यांनी पुन्हा चढायचा. वाडीवाल्याकडे गेलो तर तो बिचारा अवघडला. आठ तंबू एकीकडे, आमचा दीड तंबू दुसरीकडे. मी त्याला दोष देत नाही, पण माझा संताप अजून गेलेला नाही. रानाच्या तोंडाशी येऊन जर शहरच ऐकायचं असेल तर टोल भरून इथवर यायचं कशाला? त्या रानात भेकरं नि पिसोरीसारखी लहान हरणं आहेत, बिबट्या आहे, त्यांना कुठे जाऊन झोपा म्हणायचं? रेवा दोन्ही कानांवर हात ठेवून रडत होती. तो हावभाव तिला कुणी शिकवला नव्हता.

तर, लाईट गेली. कोकणात लाईट जाण्यावर माझ्या माहेरी पिढ्यानपिढ्या चिडचिड झाली आहे. त्या रात्री मी मनातल्या मनात हात जोडले.

रेवाला शालीत गुंडाळून बाहेर आले. बाबा आधीच बाहेर होते, खाटेवर बसलेले. त्यांनी काही न बोलता हात पुढे केले आणि ती त्यांच्याकडे गेली. हळूहळू डोळे सरावले. समुद्राच्या बाजूला मृग कलला होता, त्याच्या पाठीशी व्याध, इतका तेजस्वी की मला आधी विमान वाटलं. आणि मग, कान उघडले म्हणतात तसं, एकेक आवाज यायला लागला. आधी रातकिडे. मग लांबून गाज. दिवसा गाड्यांच्या नि माणसांच्या आवाजात ती ऐकूच आली नव्हती. आता डोंगराच्या या अंगापर्यंत येत होती, एक संथ, खोल, न थांबणारी घरघर.

"आबा, तो कोण?"

"समुद्र, बाळा."

"तो कोण?"

"ते किडे. रातकिडे."

मग रानाच्या कडेने एक आवाज आला. टक... टक... टक टक टकटकटक्‌क्‌... एखादी गोटी फरशीवर पडून उड्या मारत मारत थांबावी तसा. बाबांनी श्वास रोखला. मला तो त्यांचा रोखलेला श्वास ऐकू आला, इतकी शांतता होती.

"रातवा," ते म्हणाले. आणि पुन्हा, स्वतःशीच, "रातवा आहे गो अजून."

बाबा माझ्याशी बोलताना 'गो' कधी म्हणत नाहीत. गेली पन्नासेक वर्षं मुंबईच्या चाळीत, मग फ्लॅटमध्ये त्यांची बोली पार धुऊन निघाली होती. ते कुणाशी बोलत होते, मला माहीत नाही. त्यांच्या आईशी असेल.

रेवाने जीभ टाळ्याला लावून टक टक करून पाहिलं. पक्षी गप्प झाला. ती गप्प झाली. पक्षी पुन्हा बोलला. असं किती वेळ चाललं कोण जाणे.

इतक्यात वाडीवाला बॅटरी घेऊन जनरेटरच्या शेडकडे निघालेला दिसला. बाबा उठले, नात कडेवर, आणि त्या अंधारात, गुडघा दुखत असताना, त्याच्यापर्यंत चालत गेले. "राहू दे रे पोरा," म्हणाले. "थोडा वेळ. पोरगी ऐकतेय." तो म्हणाला, "काका, ती मुलं ओरडतील." बाबा म्हणाले, "मी सांगतो त्यांना."

सांगावं लागलं नाही. त्या ग्रुपमधला एक मुलगा आमच्याकडेच येत होता, मोबाईलचा टॉर्च लावून. मला वाटलं, आता जनरेटरवरून वाद घालणार. तो जवळ आला, टॉर्च विझवला आणि विचारलं, "काका, हे काय वाजतंय?" बाबांनी सांगितलं. तो खाटेच्या पायाशी जमिनीवर बसला. मग आणखी दोघी आल्या. कुणीही फोन काढला नाही. तासभर तरी आम्ही तिथे होतो, एरवी एकमेकांशी न बोललेली माणसं, आणि एक बाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सॉरी हं, बेबीला त्रास झाला." माझा राग तिथल्या तिथे उतरला असं मी म्हणणार नाही, पण मी तिला सरकून खाटेवर जागा दिली.

साडेबाराच्या सुमारास वरच्या अंगाला काहीतरी भुंकलं. एकदाच, कोरडं, जोरात. मग थांबून पुन्हा.

"भू भू," रेवा म्हणाली.

"कुत्रा नाही तो. भेकर."

"भेकल."

भेकर का ओरडतं हे मला वाचून माहीत होतं. त्याला काहीतरी दिसलेलं असतं किंवा वास आलेला असतो. बाबांनाही माहीत होतं, त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी रेवाचे पाय शालीत खुपसले आणि काही बोलले नाही. भीती वाटली. ती लपवायची नाही मला. पण त्या भीतीत उठून आत जावंसं वाटलं नाही, हेही तितकंच खरं. भुंकणं डोंगरावर सरकत सरकत दूर गेलं. रेवा आजोबांच्या खांद्यावर केव्हा झोपली ते कळलंच नाही. तंबूचं कापड दवाने आतूनही ओलं झालं होतं, बाबांनी स्वतःची घोंगडी तिच्यावर घातली आणि ते बाहेरच बसून राहिले.

सकाळी मला एका गोष्टीची फार लाज वाटली. रात्री रेवाचा वापरलेला डायपर पिशवीत बांधून मी तंबूबाहेर ठेवला होता. पिशवी फाडून कुणीतरी तो काजूखाली विस्कटला होता. कामावरचा मुलगा म्हणाला, कुत्रा असेल नाहीतर कांडेचोर, म्हणजे उदमांजर. मी एकेक तुकडा वेचला, तो पांढरा जेल गवताच्या मुळाशी चिकटला होता, तो नखाने खरवडून काढला. ज्या पोरांच्या स्पीकरवर मी रात्रभर चिडले, त्यांच्याहून मी काही वेगळं केलं नव्हतं. तुम्ही लहान मूल घेऊन जाणार असाल तर झाकणाचा डबा न्या आणि तो गाडीत ठेवा. आम्ही सगळं परत घरी आणलं.

अभयारण्यात सुपेगावकडून शिरलो. वाटाड्याने ऐन, किंजळ, अंजनी दाखवली, आणि झाडांवरून दोरखंडासारखी लोंबणारी गारंबीची वेल. तिची शेंग रेवाहून लांब होती. खाली पडलेली एक तपकिरी, गुळगुळीत, तळहाताएवढी बी तिने उचलली, गालाला लावली, मुठीत धरायचा प्रयत्न केला, ती मावेना. दीड तास तिने ती सोडली नाही. परत निघताना वाटाड्या म्हणाला, इथलं काही बाहेर न्यायचं नाही. बाबांनी तिला खाली बसवून वेलीच्या मुळाशी बी ठेवायला लावली. ती रडली. शेकरूही दिसलं, वर फांदीवर पालथं पडलेलं, शेपूट खाली सोडून. तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

जंजिरा त्याच दुपारी केला. होडीला गर्दी, उन्हाचा कहर, रेवा पूर्ण वेळ झोपलेली.

दुसऱ्या रात्री तो ग्रुप गेलेला होता. वाडीवाल्याने आमच्या बाजूचा हॅलोजन न सांगता बंद केला, बाकीचे तीन ठेवले. म्हणाला, नवीन लोक येतात ते आधी विचारतात, रात्रभर लाईट असते ना? बाबा जेवून लगेच खाटेवर जाऊन बसले आणि रेवा त्यांच्या मांडीवर. दहा वाजले, साडेदहा वाजले. "आबा, टक टक?" "येईल हां." अकराला तिची मान पडली, नितीन तिला आत घेऊन आला.

मी बारानंतर बाहेर पाहिलं तेव्हा बाबा तसेच बसले होते. रातवा बोलत होता, कालच्यापेक्षा लांबून. मी विचारलं, "उठवू का तिला?" त्यांनी मान हलवली. सकाळी चहाच्या वेळी त्यांनीच तिला सांगितलं की तो येऊन गेला. तिने खाटेखाली वाकून पाहिलं, मग काजूकडे पाहिलं, आणि विचारलं, "कुठे गेला?"