आधीचंच असन!

वर्धा रोडवर सिग्नलला थांबलो आणि उन्हात बॉनेटवर गोल गोल बारीक रेघा चमकल्या. पुढे उतरून पाहतो तर मागच्या दारावर नख अडकेल असा ओरखडा. गाडी नुकतीच सर्व्हिसिंगहून घेतलेली.

तसाच परत वळलो. ॲडव्हायझर पोरगा एकदम शांत. "भाऊ, हे आधीचंच असन. धुळीत दिसत नव्हतं, आम्ही धुतली म्हणून दिसून राहिलं."

म्हणजे मी आभार मानायचे!

जॉबकार्ड काढायला लावलं. त्यावर गाडीचं चित्र असतं, आत घेताना जिथे खरचटलेलं असेल तिथे खूण करतात. माझं चित्र कोरं करकरीत. खाली त्याचीच सही.

मग मॅनेजर आले. "पॉलिश मारून देतो, फुकट."

पॉलिश म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर घासून आणखी पातळ करणं. तो मुळातच साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी. रेघा जातीलही, पण नख अडकणारा ओरखडा पॉलिशने जात नाही, तिथे रंगच लागतो. म्हटलं, दार रंगवून देणार असं लिहून द्या. साहेबांना तेवढ्यात फोन आला.

तुमच्याकडे गाडी घेताना कोणी खरंच चारही बाजूंनी फिरून खुणा करतं का, की नुसती सही घेतात?