ब्राँक्सचा सार्जंट आणि सैतानाची चौकशी

न्यूयॉर्क पोलिसांचं 46वं ठाणं ब्राँक्समध्ये रायर अ‍ॅव्हेन्यूवर आहे, ग्रँड कॉनकोर्स या मोठ्या रस्त्यापासून जवळच. 1990 साली या शहरात 2200हून जास्त खून झाले होते. क्रॅक नावाच्या नशेनं तेव्हा घरंच्या घरं पोखरली होती आणि ब्राँक्सच्या पोलिसांना रात्रपाळीत श्वास घ्यायला फुरसत नसे. राल्फ सार्ची याच ठाण्यात सार्जंट होते. ड्युटी संपली की हा माणूस दुसऱ्या कामाला लागायचा. कुणाच्या घरात रात्री सामान हलतंय, कुणाच्या बायकोच्या तोंडून भलताच आवाज येतोय, कुणाला आपल्या मुलात सैतान शिरलाय असं वाटतंय, अशा घरांत ते जायचे आणि तपास करायचे. पोलिसाची नोकरी पोटासाठी आणि हे काम देवानं दिलेलं, अशी त्यांची कॅथलिक श्रद्धा होती.

मी वसईची. इथे न्यूयॉर्कमध्ये नर्सचं काम करते, राहते ब्राँक्समध्येच. सार्चींवर 2014मध्ये हॉलिवूडचा सिनेमा आला, एरिक बाना त्यात सार्ची झाला होता. तो टीव्हीवर लागला की गावाकडून मेसेज येतात, "अगं, हे तुझ्याच ब्राँक्समधलं ना? खरंच असतं का असं?" फोनवर दोन वाक्यांत याचं उत्तर देणं मला जमत नाही आणि पटतही नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हा भाग कसा आहे ते सांगते. फोर्डहॅम रोडवरून चालत निघालात तर मोबाइलची दुकानं, डॉमिनिकन खाणावळी आणि मध्येच एखादं बोटानिका लागतं. बोटानिका म्हणजे मेणबत्त्या, औषधी पाला, सुगंधी पाणी आणि संतांचे पुतळे विकणारं दुकान. कुबड्या घेतलेला संत लाझारस आणि त्याच्या पायाशी कुत्रे, हा पुतळा जवळजवळ प्रत्येक दुकानात असतो. पोर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक, क्यूबा इथून आलेली माणसं सकाळी चर्चला जातात आणि घरात काही 'बाहेरचं' वाटलं तर संध्याकाळी बोटानिकातल्या बाईंना विचारतात. पालघरच्या भगताकडे जाणारी माणसं आपण पाहिलेली आहेत, त्यामुळे मला यात परकं काहीच वाटत नाही. सार्ची ज्या घरांत जायचे त्यांतली कित्येक अशीच घरं. गरीब, स्थलांतरित, आणि डॉक्टरांच्या बिलाला घाबरणारी.

2001मध्ये सार्चींचं अनुभवांचं पुस्तक निघालं. त्यातल्या भीतीपेक्षा त्यातला पोलीस मला महत्त्वाचा वाटतो. पोलीस घरात शिरतो तो प्रश्न घेऊन. कोण कोण राहतं? हे कधीपासून चाललंय? तुम्ही स्वतः पाहिलंत की कुणी सांगितलं? घरात दारू आहे का, नशा आहे का, कुणाची औषधं चालू आहेत का, भांडण कशावरून होतं? नवऱ्याचा जबाब एकीकडे, बायकोचा दुसरीकडे, आणि मग दोन्ही ताडून बघायचे. घाबरलेल्या घराला कुणीतरी समोर बसून नीट ऐकून घेतंय, यानंच निम्मा धीर येत असेल. आजारी माणसाला घेरून मोठमोठ्यानं ओरडणारे पुष्कळ असतात, शांतपणे तारीख-वार विचारणारे थोडे.

आमच्या शुभवर्तमानातही, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातही, हे आहे. मार्कच्या पाचव्या अध्यायात थडग्यांमध्ये राहणारा, साखळ्या तोडणारा तो माणूस येशूसमोर येतो. येशू त्याला विचारतो, "तुझे नाव काय?" उत्तर येतं, "माझे नाव सैन्य." पहिला प्रश्न नावाचा! ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, पण तो प्रश्न मला दिसला तो सार्चींबद्दल वाचल्यावर.

आता जिथे मला अडचण आहे ते सांगते. सार्ची हे काम शिकले एड आणि लॉरेन वॉरन या कनेक्टिकटच्या नवरा-बायकोकडून. दोघंही प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नव्हेत. सैतान काढण्याच्या प्रत्यक्ष विधीसाठी (एक्झॉर्सिझम) सार्चींना साथ होती बिशप रॉबर्ट मॅकेना यांची. जुन्या लॅटिन परंपरेला धरून असलेले हे बिशप चर्चच्या 1960च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या बदलांना नाकारणाऱ्या गटातले होते. त्यांची बिशपपदाची दीक्षा पोपच्या परवानगीनं झालेली नव्हती. चर्चचा कायदा मात्र याबाबत फार स्पष्ट आहे. 1983च्या धर्मविधिसंहितेतलं कलम 1172 सांगतं की स्थानिक बिशपांच्या खास आणि उघड परवानगीशिवाय कुणीही झपाटलेल्या माणसावर हा विधी करायचा नाही. परवानगी धर्मगुरूलाच मिळते, आणि तीही भक्ती, ज्ञान, शहाणपण आणि निष्कलंक आयुष्य या गोष्टी पाहून. 29 सप्टेंबर 1985ला कार्डिनल रात्सिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांनी सगळ्या बिशपांना पत्र लिहून बजावलं की तेराव्या लिओ पोपांची सैतानाविरुद्धची प्रार्थना वापरून प्रापंचिकांनी असे विधी करू नयेत, सैतानाला थेट प्रश्न विचारण्याच्या सभा भरवू नयेत.

पत्राची तारीख पाहा. 29 सप्टेंबर हा संत मायकलचा, म्हणजे सैतानाशी लढणाऱ्या देवदूताचा सण. वसईतल्या माणिकपूरच्या लोकांना संत मायकल कोण ते सांगायला नको. इथे तो पोलिसांचा आश्रयदाता संत आहे आणि त्याचं पदक गळ्यात घालणारे पोलीस मी वॉर्डात कितीतरी पाहते.

वॉरंटशिवाय घराची झडती घ्यायची नाही हे ज्याच्या अंगात मुरलंय, त्याला बिशपांच्या परवानगीचं मोल सगळ्यात आधी कळायला हवं होतं, असं मला वाटतं. सार्चींच्या श्रद्धेवर माझा संशय नाही. अंधाऱ्या जिन्यातून अनोळखी माणसाच्या मदतीला जाणं सोपं नसतं. पण ज्याच्या वर कुणी अधिकारी नाही असा तपास माणसाला हळूहळू स्वतःच्याच खात्रीच्या ताब्यात देतो. पोलिसातही तसंच, धर्मातही तसंच.

खुद्द न्यूयॉर्कच्या धर्मप्रांतात अधिकृत वाट होती. मार्च 1990मध्ये कार्डिनल जॉन ओ'कॉनर यांनी सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलच्या प्रवचनात उघडपणे सांगितलं की वर्षभरात या धर्मप्रांतात दोन विधी झाले. खूनच 2200 पाहिलेल्या शहरात दोन! मला तो आकडा फार बोलका वाटतो. फादर जेम्स लेबार हे इथे कितीतरी वर्षं या कामावर नेमलेले होते, 2008मध्ये ते वारले. पुढे मागणी वाढली आणि प्रशिक्षित धर्मगुरू कमी पडू लागले, तेव्हा नोव्हेंबर 2010मध्ये अमेरिकन बिशपांनी बॉल्टिमोरला याच विषयावर खास शिबिर घेतलं. पन्नासहून जास्त बिशप आणि साठहून जास्त धर्मगुरू तिथे आले होते.

विधीचं मूळ पुस्तक 1614चं. त्यात पहिलीच ताकीद अशी की झपाटलेपणावर सहजासहजी विश्वास ठेवू नका. मग खुणा येतात: न शिकलेली भाषा बोलणं किंवा समजणं, दूरचं आणि लपलेलं सांगणं, वयाला आणि देहाला न शोभणारी ताकद. 1998च्या सुधारित विधीनं या खुणाही पुरेशा मानल्या नाहीत. वैद्यकशास्त्र आणि मानसोपचार जाणणाऱ्यांचा सल्ला घ्या, नैतिक खात्री पटल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि विधीचा तमाशा होऊ देऊ नका, असं तो सांगतो. इंग्रजी भाषांतर अमेरिकेत 2017पासून वापरात आलं. म्हणजे आज इथल्या एखाद्या बाईनं आपल्या फादरना "माझ्यात काहीतरी शिरलंय" असं सांगितलं तर फादर पवित्र पाणी घेऊन धावत सुटत नाहीत. ते प्रार्थना करतात, आशीर्वाद देतात आणि डॉक्टरांकडे पाठवतात. तपासण्या होतात, कागद बिशपांच्या कार्यालयात जातो, आणि बहुतेक प्रकरणं तिथवर पोचण्याआधीच सुटतात.

नर्स म्हणून मला या तपासण्यांबद्दल जीव तोडून सांगायचंय. फिट्स सगळ्याच थरथरत जमिनीवर पडण्याच्या नसतात. मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून उठणाऱ्या फिटमध्ये माणूस टक लावून बघतो, चघळल्यासारखे ओठ हलवतो, भलताच वास येतो म्हणतो, कधी देव दिसला म्हणतो. झोपेत शरीर जखडलेलं आणि मन जागं अशी अवस्था येते, तेव्हा छातीवर कुणीतरी बसलंय असं शपथेवर सांगणारी माणसं असतात. ती खोटं बोलत नाहीत, त्यांना तसं खरंच जाणवतं. आणि एक आजार तर 2007पर्यंत नीट ओळखलाच गेला नव्हता. जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा त्याचं वर्णन केलं. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या, संदेश झेलणाऱ्या प्रथिनांवर हल्ला करते. चांगली हसती-खेळती तरुण मुलगी काही दिवसांत बडबडू लागते, किंचाळते, तोंड वेडंवाकडं करते, आपल्या माणसांना ओळखत नाही. कित्येकदा मूळ अंडाशयातल्या गाठीत सापडतं. गाठ काढली, योग्य औषधं वेळेवर मिळाली, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. 2007च्या आधी जगभरात अशा किती मुलींना झपाटलेलं म्हटलं गेलं असेल, या विचारानं माझ्या पोटात कालवतं.

जर्मनीची अ‍ॅनेलिझ मिशेल आठवा. तिला फिट्सचा आजार होता, उपचारही झाले होते. 1975मध्ये व्युर्त्सबुर्गचे बिशप योझेफ श्टांगल यांनी विधीला परवानगी दिली. दोन धर्मगुरूंनी दहा महिन्यांत 67 वेळा तिच्यावर विधी केला. तिनं खाणं-पिणं सोडलं होतं. 1 जुलै 1976ला ती गेली तेव्हा वय 23 आणि वजन जेमतेम 30 किलो. उपासमार आणि पाण्याअभावी मृत्यू. 1978मध्ये न्यायालयानं आई-वडील आणि दोन्ही धर्मगुरूंना हलगर्जीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी दोषी धरलं. इथे बिशपांची परवानगी होती, लॅटिन पुस्तक होतं, प्रार्थना मनापासूनच्या होत्या. डॉक्टर मात्र त्या खोलीत नव्हता. परवानगीचा आग्रह मी वर धरला, पण नुसती परवानगी कुणाला वाचवत नाही, हे अ‍ॅनेलिझमुळे मला मान्य करावं लागतं.

मग सैतान आहे की नाही? मी मानते. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणाला हातात मेणबत्ती धरून मी दरवर्षी त्याला नाकारते, आणि ते माझ्यासाठी नुसते शब्द नसतात. आपल्या प्रत्येक बाप्तिस्म्यातही सैतानाच्या तावडीतून सुटकेची एक छोटी प्रार्थना असते. रिचर्ड गॅलाघर नावाचे न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत, मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे. धर्मगुरूंना ते वर्षानुवर्षं या प्रकरणांत सल्ला देत आलेत. आलेली बहुतेक माणसं आजारी असतात, अगदी मोजक्या प्रकरणांत वैद्यकशास्त्र अपुरं पडतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे सहव्यवसायी त्यावर कडाडून टीका करतात, आणि तीही मी वाचते. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी डॉक्टर, मग पुन्हा डॉक्टर, मग फादर, मग बिशप. माझी श्रद्धा या क्रमानं कमी होत नाही.

गावाकडच्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती आपल्याच लोकांना माहीत नसते. सैतानाच्या तक्रारीवर पोलीस जातो, हे फक्त ब्राँक्समध्ये घडत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013ला पुण्यात हत्या झाली, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो त्याच वर्षी महाराष्ट्रात आला. त्याच्या अनुसूचीत पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या छळाची आहे: साखळीनं बांधणं, चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आणि या कायद्यानं दक्षता अधिकारी नेमायची सोय केली आहे, तो पोलीस निरीक्षक दर्जाचा असतो. आपल्याकडचा हा पोलीस सैतानाला शोधत नाही, सैतानाच्या नावानं माणसाला कोण मारतंय ते शोधतो.

हा कायदा एका धर्मापुरता नाही. मारहाण कुणी केली, कुठल्या देवाचं नाव घेऊन केली, यानं त्यात फरक पडत नाही. वसईत कुणाच्या घरी प्रार्थनेच्या नावाखाली एखाद्या आजारी मुलीला धरून ठेवलं जात असेल, तिची औषधं बंद केली जात असतील, तर फादरना तर सांगाच, पण त्याच दिवशी पोलीस ठाण्यातही जा. दक्षता अधिकारी कोण आहेत असं विचारा, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मुलीला मात्र तक्रारीची वाट न बघता आधी हॉस्पिटलात न्या. तिथे आकडी, ताप, झोप, खाणं हे सगळं कधी सुरू झालं ते तारखांसकट सांगा. डॉक्टरांना निदानासाठी त्याच तारखा लागतात.