एका घरात पाच अंडी

वरूड तालुक्यातली संत्र्याची वाडी. आंबिया बहार भरात, शेजारच्या मधमाशांच्या पेट्यांच्या दारात परागाचे पिवळे गोळे घेऊन येणाऱ्या माशांची गर्दी, आणि या एका सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेटीत पराग जवळपास येतच नव्हता. झाकण काढल्यावर वाडीवाले काकाजी म्हणाले, "अंडे तं भरपूर दिसून राह्यले भाऊ, मंग माशा काऊन कमी झाल्या?"

पोळ्याची फ्रेम उन्हात तिरपी धरली. मेणाच्या एकेका घरात तीन, चार, एकात तर पाच अंडी. राणी घराच्या तळाशी मधोमध एकच अंडं घालते. इथली अंडी भिंतींना आडवीतिडवी चिकटलेली, म्हणजे ती राणीची नव्हेत, कामकरी माशांची: कामकरीचं पोट आखूड, तळापर्यंत पोचत नाही. शेजारी कामकरीच्याच घरांवर फुगीर टोपणं आणि प्रत्येकावर बारीक छिद्र, म्हणजे आत नर. कामकरीचं अंडं अफलित, त्यातून नरच निघतो. सातेरीची कामकरी माशी अंड्यापासून साधारण 18-20 दिवसांत बाहेर पडते. तिचं एकही बंद घर उरलं नव्हतं. राणी जाऊन जवळपास तीन आठवडे झाले होते.

कामकरी अंडी घालू लागतात, ते घडतं मेंदूतून. राणीच्या जबड्याच्या ग्रंथींतल्या गंधाचा एक घटक रचनेने डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाच्या फार जवळचा आहे आणि डोपामिन जिथे चिकटतं त्याच ग्राहीवर काम करतो. मेलिफेरा या युरोपीय मधमाशीवरच्या प्रयोगांत राणीच्या गंधात वाढलेल्या कोवळ्या कामकरींच्या मेंदूत डोपामिन कमी आढळलं. राणी नसली की ते वाढतं, अंडाशय फुगतात. नुसतं डोपामिन खाऊ घातलं तरी अंडाशय वाढले. सातेरीत तर कामकरी मेलिफेरापेक्षा खूप लवकर अंड्यावर येतात, म्हणून तिची तपासणी लांबवणं महागात पडतं.

काकाजींना नवी राणी विकत आणायची होती. ते थांबवलं. अशा पेटीत राणी थेट सोडली की माशा तिला बहुधा मारतात. त्याऐवजी शेजारच्या जोरदार पेटीतली ताजी अंडी आणि लहान अळ्यांची एक फ्रेम, माशा झटकून, मधोमध लावली. उघड्या अळ्यांचा गंधही कामकरींचे अंडाशय दाबतो. फ्रेम देताना आधीच्या पेटीची राणी तिच्यावर नाही ना, हे दोनदा पाहायचं. इथे घाई केली तर दोन्ही पेट्या जातात.

आठवड्याने दुसरी फ्रेम दिली. तिच्यावर सहाव्या दिवशी शेंगदाण्याच्या शेंगेसारखी दोन राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायची घरं, लोंबत होती. आता नवी राणी उडून, नरांशी मिलन होऊन अंडी घालेपर्यंत, साधारण तीन आठवडे, पेटी उघडायची नाही.