सान इसिद्रो, तिसरा कागद: बाही जमली!

सान इसिद्रो या शेतकरी संताच्या लाकडी मूर्तीचं जलरंगात चित्र काढतेय. काल रात्री त्याच्या निळ्या कोटाची उजवी बाही पूर्ण झाली आणि पहिल्यांदाच ती कापडाची न वाटता रंगवलेल्या लाकडाची वाटली. पहिले दोन कागद हिच्यापायीच वाया गेले होते.

अडचण तीच, उडालेल्या रंगाची. न्यू मेक्सिकोतले हे बुल्तो, म्हणजे संतांच्या रंगवलेल्या लाकडी मूर्ती, कॉटनवूड झाडाच्या मुळातून कोरतात, त्यावर येसो, म्हणजे जिप्सम आणि सरस यांचा लेप, आणि मग रंग. रंग उडाला की पांढरा येसो दिसतो, येसोही निघाला की खालचं लाकूड. म्हणजे सगळ्यात उजळ थर नेमका मधला! पहिल्या कागदावर मास्किंग फ्लुइड (कागद पांढरा राखायला लावतात आणि नंतर सोलून काढतात तो द्रव) वापरलं. टवके चिकटवलेल्या टिकल्यांसारखे दिसले, वर फ्लुइड काढताना कागदाची लव निघाली. त्या हॉट प्रेस (गुळगुळीत कागदाच्या) पॅडचं सायझिंगच, म्हणजे कागदाने पाणी लगेच शोषू नये म्हणून दिलेला लेपच, कच्चं होतं, तो पुन्हा घेणार नाही. दुसऱ्यावर थॅलो ब्लू हा निळा रंग लिफ्ट करायला, म्हणजे ओल्या ब्रशने उचलून काढायला गेले. तो कागदात असा मुरतो की हटतच नाही.

यावेळी अल्ट्रामरीन निळ्यामध्ये किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घातला आणि दोन नंबरच्या ब्रशने प्रत्येक टवक्याभोवती वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, थांबवत नेला. कडा मुद्दाम खडबडीत ठेवल्या. सुकल्यावर टवक्यांत रॉ सिएनाचा (पिवळसर तपकिरी) अगदी पाणीदार हात दिला. तरीही ते फुगीरच दिसत होते. तासभर बघत बसले, तेव्हा चूक सापडली. उजेड डावीकडून वरून येतोय आणि टवका म्हणजे खळगा. मग सावली त्याच्या आत, वरच्या डाव्या कडेला हवी. मी दोन्ही कागदांवर ती खाली उजवीकडे देत होते! केसाएवढी गडद रेघ तिकडे हलवली आणि टवका आत गेला.

‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ या अमेरिकी सरकारी प्रकल्पात जुन्या लोककलेच्या वस्तू हुबेहूब रंगवून नोंदवल्या होत्या; त्याची चित्रं (१९३५ ते १९४२, सुमारे १८,००० जलरंग) आता पुन्हा झूम करून बघतेय. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या साइटवर ती मोठ्या आकारात आहेत. कागदाचा पांढरा कुठे राखलाय तेवढंच बघा, थक्क व्हाल.

पुढे टोपी घेणार होते. पण हे लिहितानाच सुचलं, गालावरची उभी भेगही खळगाच की! तिलाही डावीकडून आत सावली. आधी तुकड्यावर गाल करून बघते. मूर्तीत संताशेजारी असलेले नांगर धरलेला देवदूत आणि बैल मात्र वेगळ्या कागदावर. या कागदावर आता फक्त संतच राहील.