कळकलेलं पेडल

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की आमटी कळकते. कोकणात घरी जोडलेलं गिटारचं फझ पेडल, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारी पायाने दाबायची डबी, तीही तशीच कळकते, फक्त तिची चव कानाला लागते.

सर्किट म्हणावं तर चिमूटभर. 1966 साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेल्या फझ फेस पेडलमध्ये ट्रान्झिस्टर दोन, रेझिस्टर चार, कपॅसिटर तीन, पॉट (फिरवायच्या खुंट्या) दोन, संपलं. तरी पेडल मुकं झालं की पहिला आळ बिचाऱ्या ट्रान्झिस्टरवर. तो उपटताना बोर्डावरची तांब्याची पट्टीही सोलून येते, आणि मग खरंच बिघाड होतो.

आधी बॅटरी मोजावी, तीही इनपुटमध्ये पिन घालून. स्टिरिओ जॅक हाच तिचा स्विच. मोनो पिन आत गेल्याशिवाय तो जोडला जात नाही. आणि वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंतच्या खाऱ्या वाऱ्यात त्या जॅकची पत्तीच सर्वांत आधी काळवंडते.

मग दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर नावाचा पाय. तिथे साडेचार व्होल्टच्या आसपास हवेत. नसतील तर 8.2 के (किलोओहम) रेझिस्टरच्या जागी 20 केचा ट्रिमपॉट (पेचकसाने फिरवायचा छोटा पॉट) लावून तेवढे आणावेत. ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा एसी 128 असेल तर तो पीएनपी जातीचा; ग्राउंड बॅटरीच्या धन टोकाला, म्हणून आकडा ऋण दिसतो, घाबरू नये. मात्र तापमान दहाएक अंश चढलं की त्यातून होणारी करंटची गळती साधारण दुप्पट होते. जानेवारीच्या पहाटे गोड वाजणारं पेडल वैशाखात पडवीत ठेवलं की धाप लागल्यासारखं तुटत वाजतं. तो दोष नव्हे, स्वभाव.

व्होल्ट ठीक, पण आवाज नाही? अँपला जाणाऱ्या तारेच्या टोकाला 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, तारेचं ग्राउंड पेडलच्या ग्राउंडला जोडावं, गिटार छेडत राहावी आणि कपॅसिटरचं मोकळं टोक इनपुटपासून एकेका सांध्यावर टेकवत पुढे जावं. जिथे आवाज बुडाला, तिथेच चोर.

पॉट फिरवताना खरखर आली की सगळे कॉन्टॅक्ट क्लीनर फवारतात. फवारूनही राहिली तर व्हॉल्यूम पॉटवर डीसी व्होल्टेज मोजावं. शून्य नसेल तर पॉट निर्दोष, आउटपुटचा कपॅसिटर गळतोय.

उरला डाख. तो गुळगुळीत आणि उतरता हवा. गोळीसारखा फुगला असेल तर आत पकड नाही. कथील कल्हईतही असतं म्हणून नवसागर मात्र इथे आणू नये, तांबं खातो. राळेचा फ्लक्स वापरावा आणि तोही आयसोप्रोपिल अल्कोहोल व जुन्या टूथब्रशने धुवावा. राहिलेला थर आषाढात ओल धरतो आणि नको तिथून करंट झिरपतो.

धुतलेला बोर्ड पावसाळ्यात 60 वॉटच्या जुन्या, तारेच्या बल्बखाली, हातभर अंतरावर सुकवावा. मे महिन्यात ऊन फुकट असतं. पण सुपात आमसुलांशेजारी जागा दिसली म्हणून तिथे ठेवू नये. आंबट आणि खारट, दोन्ही एकदम लागतं.